हातांनी बोललेला हिवाळा

दसरा झाला आणि परीट आला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली जिथं कायम गळतं आणि दर मीटिंगला ज्यासाठी पुढच्या महिन्यात प्लंबर आणायचं ठरतं, तिथल्या ओल्या पट्ट्यावर तो आज सकाळी उतरला. काळापांढरा, मुठीत मावेल एवढा, शेपटी सारखी खालीवर. मी कपडे वाळत घालायला बादली घेऊन वर गेले होते, ती दारातच थांबले. बादली खाली ठेवायचीही सोय नव्हती, तिची कडी वाजते. पलीकडच्या कठड्याशी आमचे हे आधीपासून उभे होते. आमच्या दोघांच्या मधोमध तो पाहुणा, आणि त्याची शेपटी सोडली तर कुणीच हलत नव्हतं.

एवढासा पक्षी कुठल्या कुठल्या बर्फाळ मुलखातून निघतो, डोंगर ओलांडतो आणि अंबरनाथ पूर्वेच्या एका गळक्या टाकीखाली येऊन उभा राहतो. त्याला इथलं काय आवडतं देव जाणे. पण तो आला की हवेतला चिकटपणा जातो, सकाळी अंगावर चादर ओढावीशी वाटते, आणि मला तो हिवाळा आठवतो. काही वर्षं झाली त्याला. त्या हिवाळ्यात मी पक्षी बघायला शिकले असं मी लोकांना सांगते. खरं तर मी आमच्या ह्यांच्याकडे बघायला शिकले, पण असं काही या वयात बोललं की लोक हसतात.

आधी ह्यांच्या कानांबद्दल सांगायला हवं. ह्यांची सगळी नोकरी इथल्याच एका कारखान्यात पॉवर प्रेसवर गेली. पत्रा आत सरकवायचा, वरून प्रेस दणकन खाली यायचा, पत्र्याचा भाग तयार. दिवसभर तेच. जमीन हादरायची म्हणे. त्या आवाजाने ह्यांचे कान हळूहळू, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा सवडीने नेले. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची बेल, मग फोनवरची आमची लेक. निवृत्त होईपर्यंत माझा आवाजही गेला. म्हणजे माझ्या गळ्यात तो होता, भरपूर होता, फक्त ह्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

आणि मी कोण, तर टेलिफोन ऑपरेटर. उल्हासनगरला एका सिंधी सेठच्या कापडाच्या पेढीत बोर्डावर बसायचे. नुसत्या ‘हॅलो’वरून सांगायचे, माणूस रागावलाय की घाईत आहे, की उगाच सेठला लोणी लावायला फोन केलाय. सेठ म्हणायचे, “गायकवाड मॅडम, तुम्हारे कान में तो मशीन है.” अशा बाईचा नवरा बहिरा. मैत्रिणींना याची फार गंमत वाटायची. मला वाटत नसे.

कानातलं मशीन आणून झालं होतं. ते लावलं की ह्यांना पंखा ऐकू यायचा, रस्ता ऐकू यायचा, शेजारचा मिक्सर ऐकू यायचा, फक्त मी ऐकू यायचे नाही. ते मग पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात जाऊन बसलं ते बसलंच. घरात मी ह्यांना हाक मारायची म्हणजे खोलीतला दिवा दोनदा बंदचालू करायचा. जवळ असले तर पाय आपटायचा. शेजारणीला वाटायचं आमच्यात रोज भांडण होतं.

भांडण झालं असतं तर बरं. ह्यांचं बोलणंच कमी झालं. नाक्यावरचा अड्डा सुटला. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरायचे, लोक येऊन पाठीवर थाप मारून जायचे. रविवारी विहारात वंदनेला जायचे तेही थांबवलं. “सगळे पुढं जातात, मी एक ओळ मागं राहतो,” म्हणाले. मला भीती वाटायला लागली होती. माणूस असा एका खुर्चीत जमा होत जातो, आणि मग त्याला तिथून उठायचं कारणच उरत नाही. माझ्या माहेरी मी हे पाहिलेलं आहे.

म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ‘रविवारी सकाळी पक्षीनिरीक्षण’ असा मेसेज आला तेव्हा मी ह्यांना न विचारता दोघांची नावं देऊन टाकली. पक्ष्यांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला कबुतर आणि कावळा यातला फरक कळत होता, तेवढा संसाराला पुरला होता. पण मी म्हटलं, बघायचं तर काम आहे. त्याला कान कशाला लागतात?

बदलापूर गावाच्या पुढं, उल्हास नदीच्या वळणाशी ती पाणथळ आहे. पूर्वी तिथं वीटभट्ट्या होत्या. भट्ट्यांनी माती नेली, खड्डे राहिले, खड्ड्यांत पावसाचं पाणी राहिलं, पाण्यात लव्हाळी वाढली आणि पक्ष्यांनी जागा शोधून काढली. मग माणसांनी पक्षी शोधून काढले. कुंपण आलं, ‘पक्षी उद्यान’ अशी कमान आली, एक लोखंडी मचाण आलं. कमानीवर सिमेंटचे दोन मोर बसवलेत. आत मोर कधीच नसतो. बसायची बाकं अळंबीच्या आकाराची केलीत, त्यांवर बसलं की माणूस हळूहळू घसरतो. या सगळ्याला न जुमानता पक्षी येतात, हा त्यांचा मोठेपणा.

आमच्या ग्रुपची पुढारी केतकी, बदलापूरची, तिशीच्या आतबाहेरची. दात काढायचा दवाखाना आहे तिचा. त्यामुळं समोरच्याला गप्प बसवायची सवय. पहिल्याच दिवशी तिनं कमानीखाली उभं करून आम्हाला बजावलं, “मोबाइल सायलेंट, भडक कपडे नकोत, आणि आत गेल्यावर कोणी बोलायचं नाही. काही दिसलं तर एकदम हळू, ओके?” ह्यांनी मान डोलावली. तिचं तोंड हलताना थांबलं की मान डोलवायची, ही ह्यांची पद्धत.

ती सकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. पाण्यावर धुकं, भाताची कापणी होऊन गेलेल्या शेतांचा ओला वास, आणि धुक्यात काहीतरी ठिपके. मला दुर्बिणीतून नुसतं पांढरं दिसत होतं. उन्हाची पहिली तिरीप आली आणि धुकं थोडं उचललं, तर सगळं तळं बदकांनी भरलेलं. चपट्या चोचीची थापट्या बदकं, चोच पाण्याला लावून गोल गोल फिरत होती. कुणी श्वास घेत नव्हतं. आणि ह्यांनी माझ्या कानाशी वाकून, अगदी प्रेमानं, त्यांच्या मते कुजबुजत म्हटलं:

“अगं, केवढी बदकं बघ!”

बहिऱ्या माणसाची कुजबूज कशी असते ते ज्यांच्या घरी आहे त्यांनाच माहीत. ती बदलापूर स्टेशनपर्यंत गेली असावी. सगळं तळं एकदम उठलं. पंखांचा नुसता फडफडाट, पाणी उडालं, आणि क्षणात सगळं रिकामं. माणसं मोठमोठ्या लेन्सा घेऊन आभाळाकडं बघत राहिली. कुणीतरी “क्या यार अंकल” म्हणालं. केतकी जवळ आली, गोड आवाजात म्हणाली, “काका, प्लीज. थोडं हळू हं.” ह्यांना शब्द कळले नाहीत, पण चेहरे कळले. चेहरे त्यांना नेहमीच कळायचे.

घरी आल्यावर हे चपला काढता काढता म्हणाले, “तू जात जा. मी घरीच बरा.” त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

मी जात राहिले. हट्टानं म्हणा, किंवा घरात गप्प बसण्यापेक्षा बाहेर गप्प बसणं सोपं वाटलं म्हणून म्हणा. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, दुर्बिणीत काही सापडायचं नाही. पण कान होते. पंधरवड्यात मला आवाज ओळखू यायला लागले. टिटवीचा कटकट्या स्वर, तुतवाराची पातळ शीळ, खंड्याची पाण्यावरून जाणारी खणखणीत हाक. शेकाट्याचा आवाज तर आमच्या पेढीत एक वसुलीवाले यायचे, डिट्टो त्यांच्यासारखा. केतकी चकित व्हायची, “काकू, कसं काय?” मी म्हणायचे, बोर्डावर बसलेय मी. घरी येऊन ह्यांना सगळं सांगायचे, हातवारे करून, तोंड मोठं करून. हे हसायचे आणि परत टीव्हीकडं वळायचे. माझ्याजवळ ऐकायला एवढं सगळं होतं आणि दाखवायला कुणी नव्हतं. एकदा लव्हाळ्यात ‘टिक टिक’ असं काही बोलत होतं, मला मेलं दिसेना, आणि मी अर्धवट वळून “अहो, कुठंय?” म्हणाले. बाजूला कुणी नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं, ते मी धुक्यावर ढकललं.

भोईर भेटले ते पौषात. तळ्याच्या पलीकडच्या बांधाला लागून त्यांचं शेत. भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकतात आमच्याकडं, त्याच्या शेंगा भरत आल्या होत्या. मी कमानीपाशी उभी होते, तर डोक्याला मफलर गुंडाळलेला एक उंच माणूस समोर येऊन उभा राहिला.

“गायकवाडवहिनी ना? वलखलं नाय का? मी भोईर. प्रेसवर आमी समोरासमोर व्हतो.”

ओळखलं. कारखान्याच्या सत्यनारायणाला, लेकीच्या लग्नाला पाहिलेले. गायकवाड कुठंयत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, घरी असतात, ऐकू येत नाही, इथं एकदा आले होते तर सगळे पक्षी उडवले. भोईर माझ्या ओठांकडं टक लावून बघत होते. मग हसले.

“मना तरी कुठं येतंय, वहिनी? आमी दोगं कवा ऐकून बोललाव?”

मला कळेना. तेव्हा त्यांनी तिथंच, सिमेंटच्या मोरांखाली उभं राहून मला दाखवलं. प्रेसच्या आवाजात तोंडानं बोलता यायचं नाही, म्हणून सगळं खात्यातलं बोलणं हातांनी चालायचं. चहा आला, पत्रा संपला, प्रेसची डाय अडकली, तुझ्या बायकोचा फोन आलाय. शर्टाची कॉलर चिमटीत धरली की साहेब येतोय. भोईरांचं उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं नव्हतं, प्रेसनं घेतलेलं, त्यामुळं त्यांचा हात बघून समजून घ्यायला सवय लागायची. आणि एक खूण त्यांनी शेवटी केली. दोन्ही हात वर, तळवे समोर.

“ही काय?”

“माजे हात बाहेर हायत. आता तू चालव.” त्यांनी हात खाली घेतले. “आत पत्रा लावनारा ही खून करी, तवाच समोरचा पायडल दाबी. तो कपालाला हात लावी, म्हंजे बगितलं. ही सगल्यांना नाय करायची, वहिनी. फकस्त समोरच्या मानसाला. आपली बोटं त्याच्याकडं असतात ना.”

“आणि तुमचं बोट?”

“त्या दिशी गायकवाड रजेवर व्हता,” ते म्हणाले, आणि वालाकडं बघायला लागले.

मी परत येताना काही ऐकलं नाही, पक्षी नाही, रिक्षाचा भोंगा नाही. माझा नवरा अबोल आहे असं मी आयुष्यभर धरून चालले होते. संध्याकाळी घरी यायचे, हातपाय धुवायचे, गप्प बसायचे. आणि हा माणूस दिवसभर बोलून येत होता! चेष्टा करत होता, चुगल्या करत होता, साहेबाच्या नकला करत होता. ती सगळी बडबड मी कधी पाहिलीच नाही. खरं सांगायचं तर मला भोईरांचा हेवा वाटला.

ह्यांना तळ्यावर न्यायचं तर पक्ष्यांचं नाव काढून उपयोग नव्हता. भोईरांनीच युक्ती केली, पोपटीचं आमंत्रण धाडलं. मडक्यात वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, वरून भांबुर्डीचा पाला दाबून बसवायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पोपटी खरी संध्याकाळची, पण आमची वेळ सकाळची म्हणून त्यांनी सकाळीच लावली. त्या वासापुढं कुणाचा काय निभाव लागणार. हे निघाले, पण कमानीशी येताच अडले. “मी इथंच थांबतो. तुमचं बघून झालं की शेतात जाऊ.” आत केतकीची मंडळी मचाणावर गप्प उभी होती. तळ्यावर त्या दिवशी चक्रवाकाची नारिंगी जोडी उतरली होती, वर्षातून एखाददा येते अशी.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर भोईर उभे राहिले. एवढं पाणी मध्ये, सगळी बदकं मध्ये. त्यांनी हात वर केला. आणि हे, जे हलायला तयार नव्हते, ते कुंपणाच्या आत आले, पाण्याच्या काठापर्यंत गेले आणि त्यांचेही हात वर आले.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. दोन म्हातारे, तळ्याच्या दोन काठांना, भरभर बोलायला लागले. भोईरांनी काहीतरी विचारलं, ह्यांनी मनगट फिरवून उत्तर दिलं, भोईर पोट धरून हसले. ह्यांनी आपल्या ढेरीवर हात फिरवला, माझ्याकडं बोट दाखवलं. माझीच काहीतरी तक्रार चालली होती. खांदे, कोपर, बोटं, भुवया, सगळं बोलत होतं. मी ह्या माणसाबरोबर संसार केला होता आणि ह्यांना इतकं बोलताना प्रथमच बघत होते. आणि एकही पक्षी उडाला नाही. थापट्या बदकं आपली गोल फिरत होती. चक्रवाकाच्या जोडीनं मान वर करून एकदा बघितलं आणि परत खाली घातली.

मचाणावरून केतकी खाली आली. मग माझ्या कानाशी म्हणाली, “काकू, काका काय बोलतायत?” म्हटलं, मला काय माहीत, मलाही आजच कळतंय की ते बोलतात. तेवढ्यात ह्यांनी कॉलर चिमटीत धरली. मी चमकून वर बघितलं. लांबून, लव्हाळ्यावरून, एक मोठा शिकारी पक्षी पंख न हलवता तरंगत येत होता. कॅमेरेवाल्यांच्या आधी ह्यांनी तो टिपला होता. मी केतकीला म्हटलं, “साहेब आला.”

त्या रविवारपासून आमच्या ग्रुपमध्ये कुणी कुजबुजत नाही. शिकारी पक्षी दिसला की चांगली शिकलीसवरलेली माणसं कॉलर धरतात. टी-शर्ट घालून येणाऱ्यांची पंचाईत होते. भोईर पलीकडून बदकं किती ते बोटांनी सांगायचे, केतकी मोजायची, आणि तिचा आकडा दर वेळी एकानं कमी यायचा. अर्धं बोट धरायचं की नाही यावर ह्यांनी तिला तोंडी समजावलं, तेव्हा मात्र तळं पुन्हा एकदा रिकामं झालं. तिनं कपाळावर हात मारला, आणि मग हसली. उल्हासनगरहून कुणीतरी दालपकवान आणायचं, भोईर शेंगा आणायचे, आणि हे मधोमध बसून खायचे. विहारातही परत जायला लागले. एक ओळ मागं तर मागं, म्हणाले.

मी ऐकायचं आणि ह्यांनी शोधायचं, असं आमचं जमलं. मी कान लावून दिशा दाखवायचे, हे त्या दिशेला बघून मला खांद्याला धरून वळवायचे. दोघांचा मिळून एक धड पक्षीनिरीक्षक होत होता. लव्हाळ्यातला तो ‘टिक टिक’वालाही सापडला. अंगठ्याएवढा, मातकट, बघण्यासारखं काही नाही. मला तो फार सुंदर दिसला.

एकच गोष्ट राहून गेली. मी म्हटलं, मलाही शिकवा ही भाषा. चहा शिकवला, साहेब शिकवला, ‘अडकलंय’ शिकवलं, ते मला फारच उपयोगी पडतं. पण ती तळव्यांची खूण काढली की हे हात खाली घ्यायचे. “ती प्रेसवरची. घरात कशाला?” मी नाद सोडला. काही गोष्टी माणसाच्या ज्याच्या त्याच्याकडं असू द्याव्यात, अशी मी माझी समजूत घातली. पण ती पुरती पटली नव्हती. शिमग्यानंतर बदकं गेली, तळं आटलं, चिखलात नुसते बगळे राहिले. पुढचे हिवाळे आले आणि गेले. भोईर आता कमी येतात, गुडघे दुखतात. हे मात्र एक रविवार चुकवत नाहीत.

आणि आज परीट आला. मी दारात, हातात ओल्या कपड्यांची बादली, डोळ्यांत मोतीबिंदू. तिथून मला तो नुसता एक हलणारा डाग दिसत होता. जवळ जावं तर उडेल. ह्यांना ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार. कठड्याशी अगदी स्थिर राहून त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि सावकाश दोन्ही हात वर केले. तळवे माझ्याकडं.

मी बादली हातातच धरली. दुसरा हात कपाळाला लावला.

मग मी एकेक पाऊल पुढं टाकत गेले, काळं काळं दिसेपर्यंत, पांढरं पांढरं दिसेपर्यंत, शेपटीची प्रत्येक वरखाली दिसेपर्यंत. हे हात वर धरून उभे होते. परीट उडाला नाही.